केसभर फट

बटण दाबून तिचा हात हेडफोनकडे गेलासुद्धा होता. बोर्डाचं बटण, कॉम्प्युटरचं बटण, मग हेडफोन, मग चष्मा पुसणं, हे सगळं हातपाय आपापलं करत. तिला त्यात लक्ष घालावं लागत नसे. चष्मा नाकावर चढवून तिने वर पाहिलं तर पडदा काळाच होता आणि त्यात तिचा चेहरा दिसत होता, दोन काळ्या वाट्यांच्या मधे धरून ठेवल्यासारखा. टेबलाखालची घरघर नव्हती. ती घरघर कधी ऐकली असं तिला आठवत नव्हतं, पण आज ती नाही हे मात्र लगेच कळलं, पायाखालचा गालिचा कुणी काढून न्यावा तसं. तिने पुन्हा बटण दाबलं. मग जरा वेळ दाबून धरलं. मग उगाच हळूच दाबलं, झोपलेल्या माणसाला हलवावं तसं. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. आणि त्या काही नाहीतून पलीकडच्या खोलीतला आवाज सरळ तिच्यापर्यंत आला: पलंगाची करकर, घसा खाकरणं, आणि मग तो एक शब्द. "तेच."

नवऱ्याला झटका आल्यापासून त्याच्याकडे एवढेच शब्द उरले होते. हं, नाही आणि तेच. पहिल्या दोहोंचा अर्थ होता. तिसरा कुठून आला होता कुणास ठाऊक. पाणी हवं असलं तरी तेच, उजेड डोळ्यांवर येत असला तरी तेच, आणि कधी कधी भिंतीकडे बघत, कुणाला काही सांगायचं नसताना, नुसतंच तेच. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतलं कपाट आडवं पडलंय असं समजा, हाताला लागेल ते बाहेर येतं. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तिला वाटलं होतं, इतके शब्द होते या माणसाकडे, हाताला लागायचा तर निदान तिच्या नावाचा तरी लागायचा.

ती वाकली, टेबलाखाली जाऊन वायर दाबून पाहिली, पिन काढून पुन्हा लावली. त्याच बोर्डात टेबलावरचा दिवा लावला. तो लख्ख पेटला. म्हणजे वीज होती. इथपर्यंतच तिला कळत होतं. यापुढचं सगळं पलीकडच्या खोलीत, पलंगावर पडून होतं. त्याचं दुकान होतं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. लोक बंद पडलेली यंत्रं पोटाशी धरून आणायचे, आजारी पोरं आणावीत तशी, आणि तो ती उघडायच्या आधी कान लावून ऐकायचा. हे यंत्रही त्यानेच जोडलेलं, तिला हे काम मिळालं तेव्हा. दवाखान्यातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवायचे आणि ही ते ऐकून टाइप करायची. फुप्फुसं, गुडघे, पित्ताशयं, सगळी परक्यांची. सुरुवातीला तिला ते ऐकून जेवण जायचं नाही. आता उलट झालं होतं. ते आवाज कानात असले की तिला बरं वाटे. सरळ आवाज, घाईतले, ज्यांना तिच्याकडून काहीच नको होतं. आणि काम संपलं तरी ती हेडफोन काढत नसे. कानात काही चालू नसायचं. ती नुसती पडद्याकडे बघत, बोटं कीबोर्डवर ठेवून बसायची, आणि पलीकडून हाक आली तरी दोनदा आल्याशिवाय उठायची नाही. तिला ऐकू येत नाही असं दोघं धरूनच चालले होते.

तिने ऑफिसातल्या मॅडमना फोन लावला.

"मशीन बंद पडलंय. बटण दाबलं तर काहीच होत नाही."

"अरे देवा. कालचं पाठवलंत ना सगळं?"

"कालचं पाठवलंय. आजचं अडकलं."

मग मॅडमचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ होताच हिला कळलं आता काय येणार. "मग तुम्ही इकडेच का येत नाही बसायला? मी मागेही म्हटलं होतं. खिडकीजवळचं टेबल अजून मोकळं आहे. पण मला ते किती दिवस धरून ठेवता येणार, तुम्हीच सांगा."

"घरचं बघावं लागतं ना."

"बघा की. दिवसभराची बाई ठेवा. आता सगळेच ठेवतात. संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे उद्यापासून बसवते."

मागच्या वेळी ती म्हणाली होती, घरी कॉम्प्युटर आहे ना, मग कशाला. ते उत्तर इतकं घट्ट होतं की त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नव्हतं, तिचं स्वतःचंसुद्धा. फोन ठेवून ती काळ्या पडद्यासमोर बसून राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीजवळचं ते टेबल बघतोय. ती त्या ऑफिसात एकदाच गेली होती. टेबलाचा कोपरा उडालेला होता, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती आणि गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. बस्स, एवढंच. पण तिथपर्यंत पोचायला रस्त्याने चालत जावं लागलं असतं, सकाळी, हातात पर्स, पायात नेहमीच्या नाही, बऱ्या चपला. आणि संध्याकाळी परत. मधे कुठेतरी थांबून काहीतरी उगाच बघता आलं असतं. सकाळी त्याला अंघोळ घालायला येणाऱ्या बाईनेही आपणहून म्हटलं होतं, ताई, दिवसभर थांबायचं असेल तर मी थांबेन, मला काय. सगळं जागच्या जागी होतं. फक्त हे यंत्र चालू होतं म्हणून अडलं होतं, आणि आता तेही चालू नव्हतं. छातीत काहीतरी हललं. आनंद म्हणावा तर त्याला चोरटा वास होता.

दारात काठी वाजली. तो उठून आला होता, आपला आपण. उजवा पाय फरशीवरून ओढत, उजवा हात पोटाशी मुडपून धरलेला, तो चौकटीला टेकला आणि त्याने टेबलाखाली पाहिलं. घरघर नाही हे त्यालाही कळलं होतं. तिच्याआधीच कळलं असेल.

"बंद पडलंय," ती म्हणाली. "जाऊ द्या. म्हातारं झालंय ते पण."

"नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, मोडका शब्द असेल, हाताला लागला तो आला. पण त्याने काठी भिंतीला टेकवली, तिच्या खुर्चीची पाठ डाव्या हाताने धरली आणि तिच्याकडे बघत राहिला, उठ, असं. ती उठली. तो त्या खुर्चीत बसला. आजारपणानंतर या खोलीत तो कधी बसला नव्हता. ही तिची खोली झाली होती, न ठरवता. त्याने टेबलावर दोनदा हात आपटला. वर ठेव.

वायरी काढून ते धूड तिने पोटाशी धरून वर चढवलं. तो मागच्या स्क्रूंकडे बोट दाखवत गेला, ती काढत गेली. बाजूचा पत्रा सरकला आणि आतली धूळ बाहेर आली, करडी, मऊ, सशाच्या पोटासारखी. तो वाकला, नाकाने हुंगलं, आणि त्याचा चेहरा बदलला. नेमकं काय बदललं ते तिला सांगता आलं नसतं. ओघळलेली बाजू ओघळलेलीच होती. पण डोळे कुठेतरी टेकले होते. इतके दिवस ते डोळे खोलीतल्या वस्तूंवरून नुसते वाहत होते. भिंत, पंखा, ती, पुन्हा भिंत. आता ते एका काळ्या पेटीवर थांबले होते, आणि तिथून दोन तांबड्या-पिवळ्या वायरींवरून खाली उतरत होते.

"हं," तो म्हणाला. "तेच. तेच."

"हे? हे काढू?"

"नाही." त्याने तिचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे नेलं. आधी पिन निघालीच आहे ना, ते दाखव. तिने वायरीचं मोकळं टोक उचलून दाखवलं. तेव्हा कुठे त्याने तिचं मनगट सोडलं. दुकानात असाच धरायचा तो तिचं मनगट, लग्नानंतर नवी नवी डबा घेऊन ती जायची तेव्हा. हात कुठे घालू नको, आत वीज साठलेली असते, बंद केली तरी लगेच जात नाही. तेव्हा तिला ते गमतीचं वाटायचं. बंद केलेल्या गोष्टीत काय राहणार, असं ती म्हणायची.

पॉवर सप्लायची ती काळी पेटी. तिच्यातून निघालेला वायरींचा जाड जुडगा. त्याच्या टोकाचा रुंद जोड मदरबोर्डातून उपटायला तिला दोन्ही हात लागले. मग त्याने ड्रॉवरकडे बोट केलं. पेन? नाही. कात्री? नाही. यू-पिन निघाली तेव्हा तो लहान मुलासारखा हं हं करत राहिला. ती सरळ करून वाकवायची, एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात, एक काळ्या. मग वायरीची पिन भिंतीत लावून बटण. पेटीतला पंखा फिरला तर पेटी जिवंत. सगळं त्याने बोटांनी सांगितलं आणि तिला सगळं कळलं. हे तिला विचित्र वाटलं. पाणी की औषध, उशी की चादर, हे इतक्या दिवसांत तिला धड कळत नव्हतं. घरात त्यावरून दोघांचे डोळे भरून यायचे, रागाने. आणि हिरवी वायर, काळी वायर, हे मात्र एका बोटात.

पंखा फिरला नाही. त्याने मान हलवली, पेटीवर थोपटलं. गेली ही. तिने श्वास सोडला.

तोवर नणंदेचा फोन आला, रोज यावेळी यायचाच. "काय करतोय आमचा भाऊ?"

"कॉम्प्युटर दुरुस्त करतायत," ही म्हणाली. नणंद रडायलाच लागली. "अगं, काय सांगतेस. बघ, म्हणून मी म्हणत होते. तू घरात आहेस म्हणून हे होतंय. बाईच्या भरवशावर टाकला असतास तर बसला असता का तो असा? घरबसल्या काम आहे तुझं, किती बरं आहे गं. दे त्याला फोन." हिने फोन त्याच्या कानाला लावला. तो हं म्हणाला, तेच म्हणाला, आणि हसला. आवाज न करता, अर्ध्या तोंडाने, पण हसला. फोन धरलेला तिचा हात त्याच्या गालाला टेकला होता आणि ते हसू तिला बोटांत कळलं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. आणि तो होत असतानाच पाठीमागे एक एक दार लोटलं जात असल्यासारखं वाटत राहिलं, कुणी जोरात न आपटता, हलक्या हाताने, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून लोटतात तसं.

तिने घाईघाईने म्हटलं, "चला, पेटी गेली ना. आता नवी आणायला कोण जाणार? ठेवून देऊ." त्याने वर बोट केलं. माळ्याकडे.

दुकान विकलं तेव्हा उरलेली खोकी तिथे होती. तिने शिडी लावली. खोक्यांत वाकून शोधताना तिला वाटलं, सापडलं नाही असं म्हणता येईल. पण खुर्चीतून वर लागलेली त्याची नजर. ती पाठीवर जाणवत होती, भरवसा ठेवून असलेली. जुनी पेटी हाताला लागली आणि ती घेऊन ती उतरली. यू-पिन लावली, बटण दाबलं. पंखा गर्रकन फिरला. तो खुर्चीत ताठ झाला आणि डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

मग गेलेली पेटी काढून ही बसवायची. चार स्क्रू. वायरी एकामागून एक. त्याला दम लागला होता, कपाळावर घाम होता, पण पाण्याला त्याने नाही म्हटलं. शेवटी तो रुंद जोड राहिला. त्याने बोट टेकवलं: इथे, आणि अंगठ्याने दाबायची खूण केली, जोरात. तिला माहीत होतं. तो खट् असा आवाज यायला हवा. आकडा पलीकडे अडकला की येतो. दुकानात दिवसभर ते खट् खट् ऐकू यायचं आणि त्याच्या बोलण्यात खंड पडायचा नाही.

तिने जोड खाचेवर ठेवला आणि दाबायला लागली. तो आत जात होता, जड, कुरकुरत. अगदी थोडं राहिलं तेव्हा अंगठा थांबला. आपण थांबवला असं तिला वाटलं नाही. अंगठा तिचा होता, पण त्या अंगठ्यात त्या वेळी दुसरंच कुणीतरी उभं होतं, हातात पर्स घेऊन, बऱ्या चपला घालून, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. खट् झालं नाही. जोड बसल्यासारखा दिसत होता. मधे केसभर फट होती. ती माहीत असेल त्यालाच दिसावी.

"झालं," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बटणाकडे खूण केली. पिन भिंतीत. बटण. काही नाही.

मग त्याने तिला पुन्हा सगळं करायला लावलं. मागचं बटण चालू-बंद. वायर बदल. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी काढून त्यांच्या जागच्या दोन बारीक खिळ्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाव. तिने लावलं. काही नाही. दर वेळी तो तिच्या हातांकडे बघे आणि दर वेळी तिचे हात सांगितलेलं बिनचूक करत, फक्त त्या एका जागी जात नसत. त्याचे खांदे उतरत चालले होते. तो पंख्याच्या पात्याला बोट लावून ते फिरवत बसला, एकदा, परत एकदा, आणि म्हणाला, "तेच." हे तेच तिच्या ओळखीचं होतं. भिंतीला सांगायचं तेच. तिची नजर जोडावर गेली. आता दाबावं, चुकून हात लागला असं दाखवून. एवढंसं तर होतं. यंत्र घरघरलं असतं, तो हसला असता, नणंदेने सगळ्यांना सांगितलं असतं, आणि तिने खुर्ची पुढे ओढून हेडफोन चढवले असते. मग उद्या. मग परवा. तिने हात पुढे केला आणि तो टेबलाच्या कडेवर ठेवला.

त्याने आधी पिन काढायला लावली, मग खुणेने टॉर्च मागितली. तिने ती धरली. त्याने डावा हात आत घातला आणि डोळे मिटले. बोटं वायरींवरून चालू लागली, घाई न करता, पेटीपासून खाली, वळण घेऊन, जुडग्याच्या टोकाशी. तिथे ती थांबली. तर्जनीचं नख जोडाच्या कडेवरून सरकलं आणि फटीत शिरलं. तिने टॉर्च हलू दिली नाही. आता तो दाबेल, असं तिला वाटलं. डावा हात होता त्याला, आणि त्यात जोर होता, एवढ्यापुरता नक्की होता. तिने वाट पाहिली. नख तिथेच होतं. मग त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. ग्राहकाने मशीन पडलं नाही हो असं सांगितल्यावर आणि आत पडल्याची खूण दिसल्यावर बघायचा तसं. कधी कुणाला तोंडावर बोलला नव्हता तो. तिला नजर खाली घ्यायची होती, पण मान वळेना.

त्याने हात बाहेर काढला. बोटांची धूळ पायजम्याला पुसली, एकेक बोट.

"नाही," तो म्हणाला, आणि मान हलवली. यंत्राकडे तळवा उपडा केला. गेलं.

"नाही?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "म्हणजे होणारच नाही?"

"नाही."

तो टेबलावरच्या तिच्या फोनकडे बघत होता. त्याने तो एका बोटाने सरकवला, पत्र्यांवरून, स्क्रूंमधून वाट काढत, तिच्यापुढे आणून ठेवला. सकाळचं बोलणं त्याने ऐकलं होतं. यंत्र बंद होतं, दारं उघडी होती, का नाही ऐकणार. कदाचित मागचंही ऐकलं असेल, आणि त्याआधीचंही. हेडफोन तिच्या कानावर होते, त्याच्या नव्हते.

मॅडमनी लगेच उचलला. "बोला."

"येते," ती म्हणाली. "उद्यापासून."

"वा. छान झालं. घरचे काय म्हणाले?"

तो शेजारीच होता. "तयार आहेत," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर आता काय करायचं ते तिला समजेना. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि सगळे शब्द तिच्यापाशी होते, रोज पानंच्या पानं टाइप केलेले, सरळ आणि घाईतले. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. उद्या ती त्या रस्त्याने चालत जाईल तेव्हा त्याने जाऊ दिलं म्हणून जाईल. खिडकीजवळ बसेल ती त्याच्या त्या नखामुळे. चोरून घेतलेलं असतं तर निदान तिचं झालं असतं.

तो पत्रा लावायला लागला होता. एका हाताने, कोपराने रेटत. पत्रा खाचेत बसेना. तो परत काढी, परत लावी.

"अहो, राहू द्या. मी लावते."

"नाही."

पत्रा बसला. आतला जोड होता तसाच आत राहिला. त्याने स्क्रू उचलून भोकावर धरला, ओठ मिटून, आणि ड्रायव्हर फिरवायला घेतला. एक बसला. वेळ लागत होता. ती टॉर्च धरून उभी राहिली. खोलीत ऊन होतं, टॉर्चची गरज नव्हती, पण ती बंद केली असती तर हातांना काहीच उरलं नसतं. दुसरा स्क्रू बसता बसता निसटला, फरशीवर टिणटिणला आणि टेबलाखाली गेला. तो थांबला. ती गुडघ्यांवर बसली आणि आत शिरली.

यंत्र जिथे असायचं तिथे फरशीवर एक चौकोन उरला होता, धुळीच्या कडा असलेला, आतून स्वच्छ. स्क्रू भिंतीच्या कडेला होता. तिथपर्यंत पोचायला तिला त्या चौकोनात जावं लागलं. अंग चोरून ती त्यात बसली. बरोबर मावली. समोर त्याचे पाय होते, एक टेकलेला आणि एक नुसता ठेवलेला, आणि त्यांच्या पलीकडे खोली, दार, दाराच्या बाहेरचा उजेड. वर पत्र्यावर ड्रायव्हरचं टोक एकदा वाजलं. तो वाट बघत होता.

"मिळाला," ती आतूनच म्हणाली, आणि लगेच उठली नाही.